भातखाऊ गोव्यात सिलिअ‍ॅकचं भय नाही?

मोबाइलवर फिरणारा एक सल्ला हल्ली घरोघरी ऐकू येतो: ‘आपण गोंयकार भात-नुस्तं खाणारे, सिलिअ‍ॅकचा बाऊ नको. शंका असेल तर गहू सोडून बघा, बरं वाटलं की झालं. आणि दिवस गेल्यावर थोडी पोय खाल्ली तरी चालते, बाळाला ताकद लागते.’

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. भात खरंच निर्धोक. पण सकाळची पावभाजी? पोय तर गव्हाचीच, वर कोंडा लावलेली. बांगडा रव्यात घोळवतात, बिबिंक्यात मैदा, वरणातल्या डबीबंद हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ. बांगडा तांदळाच्या पिठात घोळवला, पण रव्याच्याच तेलात तळला, तर काय उपयोग? नाचणीचंही तेच. गव्हामागोमाग गिरणीत दळली की पिठात गहू आलाच. ती घरी मिक्सरवर वाटावी.

गहू आधी सोडणं ही तर मोठीच चूक. गहू पोटात जात असतानाच या आजाराची रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नीट दिसतात. सोडल्यावर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. दोनदा गर्भ पडला की बाईच्या नशिबाला बोल लावतात, याची मला फार चीड येते. वारंवार गर्भपात, गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन, यांमागे लपलेला सिलिअ‍ॅक असू शकतो. प्रतिपिंडांची ही रक्ततपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

‘थोडी पोय’ मुळीच नको. पोट दुखलं नाही तरी आतड्याचं अस्तर झिजतं. मग लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ अंगी लागत नाही. बाळाला ताकद देणारं तेच तर असतं.

म्हणून तयारी दिवस जाण्याआधीची. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पथ्य कडक पाळून प्रतिपिंडं उतरू द्यावीत. त्याला कित्येकदा सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड तपासून घ्यावं. फॉलिक अ‍ॅसिड किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. सिलिअ‍ॅकमध्ये नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त लागू शकतं.

दूध पचत नसेल तर तेही बहुतेकदा आतडं भरून येईपर्यंतच. तोवर नाचणीचं तिजान (पातळ लापशी), तीळ आणि काट्यासकट खाल्लेली तारली कॅल्शियमची भर घालतात. तारली तांदळाच्या पिठात घोळवा, आणि कढई वेगळी ठेवा.