‘आमच्या वेळी नव्हता असला ताण’: निकालाच्या दिवसांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, मजकूर तोच. आमच्या वेळी पस्तीस टक्क्यांनाही पेढे वाटायचे, आताची पोरं ब्याण्णव पडले तरी रडतात, म्हणजे पोरंच नाजूक झाली. मार्क म्हणजे नुसता आकडा. सचिन कॉलेजला गेला नाही, वसंतदादा फारसे शिकले नाहीत, त्यांचं काही अडलं का? पैलवान माती खाल्ल्याशिवाय घडत नाही, तसा ताणाशिवाय माणूस घडत नाही. सगळं दुखणं मोबाईलचं. आणि ताण-ताण करत बोलत बसलं की पोरं आणखी कच्ची होतात.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना मुलांच्या शेजारी बसते. हा मेसेज मला पटत नाही, आणि तो निरुपद्रवीही वाटत नाही, कारण काका-मामांनी पाठवलेला हा मजकूर त्याच घरातल्या मुलाच्या फोनवरही जातो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘पस्तीसला पेढे, ब्याण्णवला रडू.’ पेढे वाटत होते, हे खरं आहे. पण तेव्हा पास होण्याचा उपयोग समोर दिसत होता. मॅट्रिकवाला साखर कारखान्यात, एसटीत, बँकेत चिकटत होता. पुढे कितीतरी वर्षं बारावीनंतर डी.एड. केलं की जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता येत होतं. पास-नापासाचा उंबरा ओलांडला की पलीकडे पगार होता. आज डी.एड. झालेली मुलं पात्रता परीक्षा देऊन भरतीची वाट बघत बसली आहेत, आणि नुसत्या बारावीवर काय मिळतं ते घरोघरी माहीत आहे.

दुसरं, तेव्हाचे टक्के आणि आताचे टक्के शेजारी ठेवून तुलना होतच नाही. फार मागे जायला नको. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० वर आला. २०२० ला ते गुण परत दिले, निकाल ९५.३० झाला. तीन वर्षांत मुलं आधी ढ आणि मग हुशार झाली नव्हती. मोजायची पट्टी बदलली होती.

तिसरी गोष्ट मी प्रवेशाच्या टेबलाशी बसून बघते. राधानगरीकडचे एक वडील मुलीला घेऊन आले होते. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, सगळ्या झेरॉक्स साक्षांकित करून आणलेल्या. सीईटीचं, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, स्कोअरकार्ड माझ्यापुढं ठेवून म्हणाले, “बाई, एक्क्याण्णव म्हंजे ब्येस झालं की!” मुलगी मान खाली घालून बसलेली. वडिलांना तो आकडा शंभरातले एक्क्याण्णव गुण वाटत होता. तो पर्सेंटाइल होता, म्हणजे शंभरातली किती मुलं तिच्या मागे आहेत तो आकडा. अभियांत्रिकीच्या गटाला चार लाखांच्या आसपास मुलं बसतात, म्हणजे एकेका पर्सेंटाइलमागे चार हजार मुलं, आणि एक्क्याण्णव म्हणजे तिच्यापुढे साधारण छत्तीस हजार. वडिलांना पेढे दिसत होते, मुलीला ते छत्तीस हजार. ती नाजूक नव्हती. तिला हिशोब कळला होता आणि तो घरात कुणाला समजावून सांगता येत नव्हता, म्हणून ती गप्प होती.

त्यात परीक्षाच डळमळली तर? २०२५ च्या सीईटीत २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या आणि त्या सत्राच्या मुलांना ५ मे रोजी पुन्हा पेपर द्यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी नीटमध्ये, म्हणजे देशभराच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, पैकीच्या पैकी ७२० गुण मिळवणारी ६७ मुलं जाहीर झाली होती. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं बरोबर उत्तर कोणतं हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटच्या यादीत ती १७ उरली. त्या एका प्रश्नापायी चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले. ज्या मुलाने हे सगळं अठराव्या वर्षी सोसलं, त्याला कच्चा म्हणायला जीभ कशी रेटते?

‘मार्क म्हणजे नुसता आकडा.’ तसं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती. पण हा आकडा फी ठरवतो. केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मं मिळतं. फेरीत नंबर लागला नाही आणि व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की ही सवलत गेली. दोन-चार पर्सेंटाइलच्या फरकात एखाद्या घराची चार वर्षांची शिल्लक राहते किंवा शेत गहाण पडतं. हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. स्वयंपाकघरात हळू आवाजात चाललेलं बोलणं त्यांना ऐकू येत असतं.

कोल्हापूरच्या मुलांसाठी आणखी एक अडचण आहे. अभियांत्रिकीची सरकारी फी हवी तर कराड गाठायचं, नाहीतर सांगलीच्या वालचंदला नंबर लागायला हवा, आणि दोन्हीकडे कटऑफ चढा. डॉक्टर व्हायचं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, पण २०२४ च्या नीटला देशभरातून सुमारे २३ लाख मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. खासगीची फी चंदगडच्या शेतकऱ्याने कुठून आणायची?

सचिनचं उदाहरण तर प्रत्येक मेसेजात असतं. तो सोळाव्या वर्षी भारताकडून कसोटी खेळत होता. त्याच्या हातात बारावीपेक्षा मोठा दाखला होता आणि तो मिळवायला लहानपणापासून रोजचे तासन्‌तास सराव, गुरू आणि घरच्यांची साथ होती. त्याच मैदानांवर त्याच्यासारखीच मेहनत केलेली, शिक्षण सोडलेली आणि संघात न निवडली गेलेली मुलं किती असतील, त्यांच्यावर मेसेज निघत नाहीत.

वसंतदादांचं नाव मात्र या यादीत घालणं मला मनापासून खटकतं. दादांचं शाळेतलं शिक्षण थोडं होतं, बरोबर. पण मुख्यमंत्री असताना १९८३ साली त्यांनी काय केलं? विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आमच्या गोकुळ शिरगावचं केआयटी त्याच वर्षीचं. त्या धोरणाचे बरेवाईट परिणाम आपण पाहिले, त्यावर वाद घालता येईल. पण आपल्याला शिक्षण मिळालं नाही म्हणून शिक्षणाची गरज नाही, असं दादांनी कधी मानलं नाही. जागा कमी पडतात हे त्यांनी ओळखलं आणि जागा वाढवल्या. त्यांचं नाव घ्यायचं तर या कामासाठी घ्यावं.

‘माती खाल्ल्याशिवाय पैलवान घडत नाही.’ कोल्हापुरात हे वाक्य लगेच पटतं, आणि म्हणूनच यावर जरा थांबते. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पहाटे जाऊन बघा. नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुणी मोठ्या मल्लाबरोबर सोडत नाही. किती जोर, किती बैठका, हे वस्ताद ठरवतात आणि अंगाकडे बघून वाढवतात. मेहनतीनंतर मालिश, खुराक, दुपारची झोप. झोप मोडली तर वस्तादच रागावतात. खांदा दुखावला की लढत बंद. मैदानात कुस्ती लावताना जोड बघून लावतात. आणि हरला तर? पुढच्या जत्रेत पुन्हा लढतो, पाठीवर थाप टाकणारे तेच लोक असतात.

आता बारावीच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी सहाला घर सोडायचं, क्लास, कॉलेजात प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं, पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका, अकराला घर. रविवारी सराव परीक्षा आणि तिचा क्रमांक पालकांच्या फोनवर. आजरा, गगनबावड्याकडची मुलं राजारामपुरीत खोली घेऊन राहतात, डब्यावर जेवतात. त्यांचा वस्ताद कोण? जोड कुणी बघितली? आणि नीट वर्षातून एकदाच, मे महिन्यातल्या एका रविवारी. त्या दिवशी ताप आला तर वर्ष गेलं. तालमीचा दाखला द्यायचा तर तालमीतला खुराक, झोप आणि वस्तादही द्या.

ज्यांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं, त्याच शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं काढली. खेड्यातून आलेल्या मुलाला डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण नसेल तर त्याची हुशारी वाया जाते, हे त्यांना दिसत होतं. सोसा म्हणजे घडाल, असं त्यांनी त्या मुलांना सांगितलं नाही.

थोडा ताण उपयोगी असतो, हे मी नाकारत नाही. परीक्षा जवळ आल्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत अशी मुलं माझ्याही वर्गात आहेत. पण किती ताण, हा प्रश्न सोडून देता येत नाही. यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा उंदरांवरचा प्रयोग या वादात नेहमी पुढे केला जातो. त्यात दिसलं ते असं: काम सोपं असेल तर जास्त धाक चालतो, काम अवघड असेल तर तोच धाक शिकणं बिघडवतो. समाकलनाचं उदाहरण हे अवघड काम आहे. तीन पायऱ्या डोक्यात धरून चौथी लिहायची असते. काळजीनेच डोकं भरलं तर त्या पायऱ्या धरायला जागा राहत नाही. वर्गात फळ्यावर बिनचूक सोडवणारी मुलगी पेपरात दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकवते आणि पुढची दीड पानं बरोबर पद्धतीने चुकीचं उत्तर काढत जाते. मी ते पेपर तपासते. तिला गणित येतं, हे त्या पानांवरच दिसत असतं.

‘सगळं दुखणं मोबाईलचं.’ रात्री दोनपर्यंत रील बघणाऱ्या मुलाचा फोन काढून घ्या, माझी हरकत नाही. पण अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, फेरीची यादी, कागद पडताळणीचा निरोप, सगळं त्याच फोनवर येतं. आणि फोन नसलेल्या घरात ताण नसतो, असं मला तरी दिसलेलं नाही.

‘बोलत बसलं की पोरं कच्ची होतात.’ मेसेजातलं हे वाक्य सगळ्यात घातक आहे. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बाइलॉक यांचं २०११ चं संशोधन याच्या बरोबर उलट सांगतं: परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांना पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहायला दिली, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. न बोलण्याची किंमत मात्र फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर. प्रत्येकामागे परीक्षाच होती असं नाही. पण हा आकडा वाचल्यावर ‘बोलत बसू नका’ म्हणणं मला तरी शक्य नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यात आहे, आणि त्या कोचिंग क्लासनाही लागू आहेत. पालकांनी फी भरताना विचारावं: तुमच्याकडे तो कोण आहे, आणि कधी भेटतो?

मनात मरणाचे विचार येतात का, असं मुलाला सरळ विचारलं तर तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक घरांत असते. मानसोपचार करणारे सांगतात की तसं होत नाही; उलट कुणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. जेवण तुटलं, झोप उडाली, मित्र सुटले, ‘माझ्यामुळं तुमचे पैसे गेले’ असं वारंवार बोलणं आलं, तर निकालाची वाट न बघता विचारा. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि कागदांचं ओझं मोठ्यांनी उचलावं. जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला यांसाठी सरकारी कार्यालयांच्या रांगेत मुलं परीक्षेच्या तोंडावर उभी राहतात. ते काम वेळेत वडील, मामा, चुलते करू शकतात. विकल्प अर्जात पहिल्या क्रमांकावर जे टाकाल ते पहिल्या फेरीत मिळालं तर घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर जातं, म्हणून तो क्रम मुलाला एकट्याला सायबर कॅफेत भरायला सोडू नका. निकाल मनासारखा नसेल तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, त्यानंतर पुनर्मूल्यांकन, नापास विषयांसाठी पुरवणी परीक्षा, कमी गुणांसाठी श्रेणीसुधार, एवढे मार्ग मंडळाने ठेवले आहेत. प्रत्येकाला मुदत असते आणि ती निकालानंतरच्या थोड्याच दिवसांत संपते. त्या दिवसांत मूल अंथरुणातून उठत नसेल तर अर्ज घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भरावा.