क्वेरी सिंटॅक्समध्ये स्थानानुसार गाळणी: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘लिंक’ सुविधेविषयी, म्हणजे याद्या व डेटाबेस यांतून हवी ती माहिती निवडण्याच्या सोयीविषयी, एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. तो असा: क्वेरी सिंटॅक्स (‘व्हेअर’सारख्या कलमांची वाक्यरचना) आणि मेथड सिंटॅक्स (त्याच कामाच्या मेथड, म्हणजे फंक्शन, थेट बोलावणे) पूर्णपणे समतुल्य असल्यामुळे यादीतील घटक स्थानानुसार गाळण्यासाठी मेथडची गरज नाही. अट लिहिण्याच्या ‘व्हेअर’ कलमात घटकाचे स्थान शोधणारे ‘इंडेक्सऑफ’ वापरावे किंवा क्वेरीबाहेर काउंटर, म्हणजे दर घटकाला एकने वाढणारा आकडा, ठेवावा, आणि अशी क्वेरी डेटाबेसवरही चालते, असे त्यात सांगितलेले असते.

समतुल्यतेचा दावा अर्धाच खरा आहे. प्रत्येक क्वेरीचे रूपांतर कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) मेथड कॉलमध्ये करतो, पण प्रत्येक मेथड कॉलला क्वेरीत जागा नाही. ‘व्हेअर’ मेथडचा एक ओव्हरलोड (त्याच नावाचे वेगळे रूप) घटकासोबत त्याचा इंडेक्स, म्हणजे 0 पासून मोजलेले स्थान, हाही देतो. क्वेरीतील ‘व्हेअर’ कलमातून मात्र एकाच पॅरामीटरचा, म्हणजे फक्त घटक घेणारा, लॅम्डा (छोटे निनावी फंक्शन) तयार होतो आणि 2007 साली आलेल्या सी-शार्प 3.0 पासून हे असेच आहे.

‘इंडेक्सऑफ’चा उपाय तर सरळ चुकीचे उत्तर देऊ शकतो. 5, 7, 7, 9 या यादीतून 0 आणि 2 या स्थानांवरचे घटक मागितले, तर 5 आणि 7 मिळायला हवेत. परंतु ‘इंडेक्सऑफ’ दोन्ही 7 साठी पहिल्याच आढळाचे स्थान, म्हणजे 1, परत करते आणि हाती केवळ 5 उरतो. शिवाय प्रत्येक घटकासाठी यादी पुन्हा सुरुवातीपासून तपासली जात असल्याने यादी दुप्पट झाली की काम सुमारे चौपट होते.

काउंटरची खोट अधिक फसवी आहे, कारण पहिल्या वेळी उत्तर बरोबर येते. क्वेरी लिहिताक्षणी चालत नाही, ती प्रत्येक वाचनाच्या वेळी नव्याने चालते. त्यामुळे सम स्थानांचे घटक हवे असताना आधी ‘काउंट’ने ते मोजले आणि मग ‘फॉरईच’ने एकेक वाचले, तर पाच घटकांच्या यादीत दुसरी फेरी 0 ऐवजी 5 पासून मोजू लागते व सम स्थानांऐवजी विषम स्थानांचे घटक निवडले जातात.

योग्य मार्ग असा की प्रत्येक घटकाला नवे रूप देणाऱ्या ‘सिलेक्ट’ मेथडच्या इंडेक्स देणाऱ्या ओव्हरलोडने घटक आणि स्थान यांची जोडी करावी आणि त्या जोड्यांवर क्वेरी लिहावी. सी-शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटच्या 9 या आवृत्तीपासून ‘इंडेक्स’ ही मेथड नेमकी हीच जोडी देते. मात्र क्वेरीत आधीची एखादी गाळणी असेल, तर जोडी तिच्याआधी करावी, अन्यथा उरलेल्या घटकांना नवे क्रमांक मिळतात.

राहिला डेटाबेसचा मुद्दा. लिंक क्वेरी डेटाबेसपर्यंत नेणारी ‘एंटिटी फ्रेमवर्क कोअर’ ही लायब्ररी इंडेक्स घेणाऱ्या ‘व्हेअर’चे एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, भाषांतर करत नाही, अपवाद (त्रुटी) फेकते. टेबलातील ओळींना स्वतःचा क्रम नसतोच. तो ‘ऑर्डरबाय’ने ठरवून ‘स्किप’ (सुरुवातीचे काही घटक वगळणे) आणि ‘टेक’ (पुढचे ठरावीक घेणे) या मेथड वापराव्या लागतात, आणि सी-शार्पच्या क्वेरी सिंटॅक्समध्ये या दोघांसाठीही कलम नाही.