आई सोडून सर्वांचे मत

डिसेंबरात आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली. तिला सांगलीच्या घरीच ठेवून ब्युरोची बाई लावायची, की पुण्यातल्या एखाद्या निवासी केंद्रात हलवायचे, यावर घरच्या व्हॉट्सॲप गटात तीन दिवस खल चालला होता. तेवढ्यात थोरल्या मामांनी लिहिले, की वृद्धाश्रम ही पाश्चात्त्यांची कीड असून ती मराठी घरांत परदेशी गेलेल्या मुलांमुळे शिरली. श्टुटगार्टमध्ये एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाला हे झोंबणारच.

मी मामांना आकडे पाठवले. जर्मनीत 2023 च्या अखेरीस देखभालीची गरज असलेले सुमारे 57 लाख लोक होते, त्यांतले 86 टक्के घरीच राहत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचे प्रामुख्याने घरचीच माणसे करत होती. देखभाल विमा इथे 1995 पासून आहे. त्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो आणि त्याबद्दल कुरकुर करण्यापलीकडे कोणी विचार करत नाही. प्फ्लेगेग्राड, म्हणजे देखभालीच्या गरजेची श्रेणी, ठरवायला आलेली परीक्षक मी एकदा जवळून पाहिली, कारण लिफ्ट नसलेल्या आमच्या अल्टबाऊत, म्हणजे जुन्या बांधणीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या वर नेण्याचे काम माझ्याकडे होते. कूस स्वतः बदलता येते का, सदऱ्याची बटणे लागतात का, गोळ्या कोण देते, रात्री किती वेळा उठावे लागते, असे ती विचारत होती. मुलगी मध्येच उत्तर देऊ लागली, तेव्हा तिने हात वर करून तिला थांबवले आणि आजींच्या उत्तराची वाट पाहिली. ती वाट बरीच लांबली.

आपल्याकडे 2007 चा कायदा आहे. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांकडून न्यायाधिकरण महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकते आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता परतही मिळू शकते. 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत 5 लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. म्हणजे या दोन्ही ठिकाणी दिसणारा म्हातारा एक तर मुलांनी टाकलेला असतो, नाही तर रुग्णालयात दाखल झालेला. ज्याची मुले त्याला टाकत नाहीत, पण ज्याची कूस रात्री दोनदा कोणीतरी बदलून द्यावी लागते, त्याचा हिशेब आपण ‘संस्कार’ या नावाखाली मांडतो. आणि आमच्या घरात त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ वहिनी असा आहे. शिकवण्या बंद केल्या त्या तिने, दादाने किंवा मी नव्हे.

हे सगळे मी बऱ्यापैकी फुशारकीने लिहिले. वहिनीने दोनच ओळींत विचारले, “भावोजी, तिकडे घरात राहून म्हाताऱ्यांचं करायला पोलंडहून बायका येतात ना? त्यांच्या आयांचं कोण करतं?” ही बाजू मी आकड्यांतून वगळली होती. अशा परदेशी बायकांना हाकेला तयार राहण्याच्या तासांसह किमान वेतन मिळालेच पाहिजे, हे इथल्या सर्वोच्च श्रम न्यायालयाला 2021 मध्ये सांगावे लागले, हेही मला ठाऊक होते. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही.

पुण्याच्या केंद्राचा आग्रह माझा होता. रोज फिजिओथेरपी, रात्रपाळीची परिचारिका अशी कारणे मी देत होतो आणि ती खोटीही नव्हती. परंतु त्यामागचे कारण असे, की केंद्राला दरमहा पैसे पाठवले की विषय मिटतो, वहिनीचे कशाने फिटणार ते मला कळत नाही. या वादात मामांचे, दादाचे, आत्याचे आणि जवळजवळ सात हजार किलोमीटरवरून माझेही मत मोजले गेले. आईची जीभ जड झाली असली तरी तिला सगळे समजते, आणि तिला कोणीच विचारले नव्हते.

मार्चमध्ये गेलो तेव्हा मी विचारले आणि, कबूल करायला हवे, दोनदा तिचे वाक्य मीच पूर्ण करून टाकले. तिसऱ्यांदा गप्प बसलो, तेव्हा कळले की घर की केंद्र यावर तिला फारसे काही म्हणायचे नव्हते. आंघोळ सुनेने घालू नये, परकी बाई चालेल, एवढेच तिला हवे होते; तिची लाज आमच्यापैकी कोणाच्या यादीत नव्हती. आता सकाळी आठ ते बारा ब्युरोची बाई येते, पुढचे वहिनी करते आणि पुण्याचा निर्णय जूनवर गेला आहे. “शेवटी घर ते घर,” असे मामांनी गटावर लिहिले. मी अंगठा टाकला.

परत आल्यावर मी स्वतःची फोरझोर्गेफोलमाख्ट, म्हणजे पुढे आपल्याला निर्णय घेता आले नाहीत तर ते कोणी घ्यायचे याचे अधिकारपत्र, भरायला घेतली. माझ्या वतीने निर्णय मुलाने घ्यायचे आहेत. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलावे, अशी सूचना मी जर्मनमध्ये लिहिली आणि त्याला वाचायला दिली. त्याने ती नीट वाचली, सही कुठे करायची ते विचारले. त्याला ‘कूस’ हा शब्द माहीत नाही.