बेसमेंटमधलं जिरेनियम

न्यू जर्सीत मे महिना आला की दुकानांच्या दारात, काही ठिकाणी तर गॅस स्टेशनवरसुद्धा, लालभडक जिरेनियमच्या कुंड्या मांडलेल्या असतात, थोडे डॉलर टाका, उचला, घरी न्या. तरी दर जानेवारीत बाहेर बर्फ पडत असताना मी बेसमेंटमध्ये बिया पेरत बसलेली असते, कारण बी स्वस्त पडतं असं आमच्याकडे ठरलंय. (लाइट, हीट मॅट आणि विजेचं बिल हिशोबात धरायचं नाही हेही ठरलंय.)

जानेवारी कशाला, तर बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला १३ ते १६ आठवडे लागतात. तेवढ्यात माणूस नोकरी सोडून, नोटिस पीरियड भरून नव्या ठिकाणी रुजू होतो.

बी उगवायला २१ ते २४ डिग्री सेल्सिअस ऊब लागते. आमच्या घरात हीटर वाढवायला बंदी आहे, कुणी कुडकुडलं तर स्वेटर घाल म्हणतात, पण ट्रेखाली मात्र गरम मॅट. नवऱ्याने पाठ दुखत होती म्हणून ती रात्रीपुरती मागितली, नाही दिली.

आठवड्याभरात कोंब येतात आणि खरा छळ सुरू होतो. दिवसाचे १४-१६ तास लाइट हवा आणि तोही अगदी डोक्याशी, जरा वर गेला की रोपं माना लांब करून लुकडी वाढतात. पाणी जास्त झालं की बुडाशी बुरशी धरते आणि रात्री ताठ असलेली रोपं सकाळी आडवी. म्हणून पाणी खालच्या ताटलीतून द्यायचं आणि वारा खेळता ठेवायचा, म्हणजे बाहेर तापमान शून्याखाली आणि आम्ही खाली पंखा लावतोय!

एप्रिलमध्ये सासूबाई साताऱ्याहून आल्या, ट्रे बघून म्हणाल्या, "अगं, एवढं काय करतेस, फांदी मोडायची नि मातीत खोचायची, येतं की आपोआप." येतं, नाही कोण म्हणतंय. पण मी पण हट्टाला पेटले, म्हटलं, आई, १९६०च्या दशकात पेन स्टेट युनिव्हर्सिटीने 'निटनी लायन रेड' नावाची जात काढली, बियांपासून अगदी एकसारखी रोपं येणारी, तोवर इथले नर्सरीवाले बहुतेक फांद्याच लावायचे. "मग तेव्हा शहाणी होती माणसं," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मग रोपांना बाहेरची सवय लावायची, आठवडा-दहा दिवस. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग जरा जास्त, मग थोडं ऊन, रात्री परत आत. मेच्या मध्यापर्यंत थंडीचा भरवसा नाही, फोनवर फ्रॉस्टचा अलर्ट वाजला की सगळं घर ट्रे घेऊन डेकच्या पायऱ्यांवर. शेवटी एकदाची वाफ्यात फूटभर अंतरावर आणि उरलेली कुंड्यांत गेली. फुलं आली, छान आली, बियांवरची असल्याने एकेरी, पाऊस पडला की पाकळ्या अंगणभर.

जुलैत जपानी भुंगेरे आले. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले १९१६ मध्ये, रिव्हरटनला, म्हणजे आमच्याच न्यू जर्सीत, तेव्हा त्यांना आम्ही पाहुणे म्हणू शकत नाही. गुलाबाच्या पानांची त्यांनी चाळण केली आणि मोर्चा जिरेनियमकडे. पण जिरेनियमच्या पाकळ्या खाल्ल्या की अर्ध्या तासात भुंगा लुळा पडतो, पाय वर करून.

सासूबाईंनी काडीने एकाला ढोसून बघितलं. "मेला वाटतं गं."

"नाही आई, पक्ष्याने उचलला नाही तर उद्यापर्यंत उठेल."

"आणि मग जाईल ना दुसरीकडे?"

"छे, परत हेच खातात. शिकतच नाहीत."

त्यांनी काडी टाकली, हात झटकले. "बरं, तुझा तो बियांचा कॅटलॉग आलाय पोस्टाने. टीव्हीखाली ठेवलाय."