134 व्या क्रमांकाच्या खेळाडूवर कशाला लिहायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते.

टेनिसपटू निरुपमा वैद्यनाथनवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीत एकच सामना जिंकलेल्या, जागतिक क्रमवारीत 134 च्या वर कधीच न गेलेल्या खेळाडूचं एवढं कौतुक कशाला? लीला राव 1934 सालीच विम्बल्डनला सामना जिंकल्या होत्या, मग ग्रँड स्लॅमचा सामना जिंकणारी ‘पहिली’ भारतीय ही कशी? आणि ठाण्यात टेनिस शिकणाऱ्या नातीला तुम्ही हा लेख वाचायला देणार नाही, कारण मुलांसमोर सानिया मिर्झाचाच आदर्श हवा.

लीला रावांचं आधी सांगते. लेखात मी ‘खुल्या कालखंडातली पहिली’ असंच लिहिलं आहे. 1968 पासून हौशी आणि व्यावसायिक खेळाडू एकाच स्पर्धेत खेळू लागले, तिथून हा कालखंड मोजतात. लीला राव आपल्या मुंबईच्या, संस्कृतमध्ये लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांच्या कन्या. क्षमाबाई स्वतःही उत्तम टेनिस खेळायच्या. या मायलेकींचा मान मोठाच आहे. पण निरुपमाला टेनिसवर पोट भरायचं होतं, आणि माझा लेख त्या धडपडीवर होता.

आता 134. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 जणी असतात. त्यातल्या शंभरेक रँकिंगवर थेट आत जातात, उरलेल्या जागा पात्रता फेरीतून आणि वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशाने, भरतात. म्हणजे 134 वर असलेली मुलगी जगातल्या हजारभर व्यावसायिक खेळाडूंच्या पुढे असते आणि तरीही दरवाजाच्या बाहेर. मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात, कडेच्या कोर्टवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर तिला आपली जागा कमवावी लागते. उरलेलं वर्ष छोट्या स्पर्धांमध्ये जातं. तेव्हा दहा हजार डॉलरची स्पर्धा म्हटली की रक्कम मोठी वाटायची, पण ती सगळ्यांत वाटली जायची. विजेतीच्या हाती साधारण दीड हजार डॉलर यायचे, पहिल्या फेरीत हरणारीला शंभरच्या आसपास. त्यात विमान, हॉटेल, व्हिसा, रॅकेटच्या तारा बदलण्याचा खर्च बसवून दाखवा.

कोइम्बतूरची ही मुलगी नव्वदच्या दशकात हे करत होती. महिला टेनिसमध्ये पैसा लावायला तेव्हा आपल्याकडे कोण तयार होतं? कोणत्या स्पर्धा खेळायच्या, कुठे उतरायचं, रँकिंगचे गुण कसे जमवायचे, हे सांगायला आधी त्या वाटेने गेलेली भारतीय मुलगी शोधूनच काढावी लागली असती. 1998 मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, तिने इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनीला हरवलं. पुढच्या फेरीत ती हरली, हे खरं. त्याच वर्षी बँकॉकच्या एशियाडमध्ये महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीत कांस्य मिळवलं. संसार, मूल, अमेरिकेतलं बस्तान, सगळं झाल्यावर 2010 मध्ये ती पुन्हा भारताकडून खेळायला आली. याला मी भरलेली कारकीर्द म्हणते, आणि ठामपणे म्हणते.

सानियाबद्दल आपलं दुमत नाही. एकेरीत 27 वा क्रमांक, दुहेरीत जगात पहिली, सहा ग्रँड स्लॅम. मलाही तिचा अभिमान आहे. पण फक्त शिखर दाखवलं की मुलींना वाटतं, तिथे पोचलो नाही तर सगळं वाया. ही भीती मी इथे नवी मुंबईत रोज बघते.

नेरूळच्या एका कोर्टबाहेर एक आई मुलीच्या रॅकेटवरची जुनी ग्रिप सोलून नवी गुंडाळत बसली होती. हात चालू, तोंडाने सोलापूरच्या स्पर्धेचा हिशोब चालू. ‘‘हरली तर त्याच रात्री निघता येतं हो. जिंकली की हॉटेल आणखी एक दिवस.’’ बोलण्यात तक्रार नव्हती, पण मुलगी शेजारीच बसून बुटांच्या नाड्या बांधत होती आणि सगळं ऐकत होती. त्या मुलीला सहा ग्रँड स्लॅमची गोष्ट पाठ असणारच. लहान स्पर्धांतून एकेक गुण जमवत वर जाता येतं आणि त्यालाही कारकीर्द म्हणतात, हे तिला कोण सांगणार?

2017 मध्ये मुंबईत सीसीआयला, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, मुंबई ओपन ही महिला टेनिस स्पर्धा झाली होती. ती अरिना सबालेंकाने जिंकली, तेव्हा तिला इथे कितीजण ओळखत होते? पुढे ती जगात पहिली झाली. त्याच स्पर्धेत खेळलेल्या बाकीच्या बहुतेक जणी पहिल्या पन्नासातही गेल्या नसतील. त्याही तितक्याच पहाटे उठत होत्या.

म्हणून नातीला लेख द्याच काका, आणि वाचून झाल्यावर तिचं मत तिला स्वतःलाच इथे लिहू द्या. तुम्हाला हवा असलेला सानियावरचा लेखही लिहायला घेतला आहे. सुरुवात 2005 च्या हैदराबाद ओपनपासून करते आहे, डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या स्पर्धेत भारतीय मुलीने जिंकलेल्या एकेरीच्या पहिल्या विजेतेपदापासून.