गूज आयलंडचं उदाहरण अर्धवट वाटलं

'ब्रुअरी (बिअरचा कारखाना) विकली की हलका माल वापरतात आणि चव जाते' हा गूज आयलंडच्या उदाहरणावरून लेखात काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. शिकागोची गूज आयलंड ही ब्रुअरी १९८८ची. अनहायझर-बुश या बड्या बिअर कंपनीने ती २०११मध्ये ३.८८ कोटी डॉलरला घेतली आणि तिची '३१२' ही बिअर न्यूयॉर्क राज्यातल्या मोठ्या कारखान्यात बनू लागली. माल अगदी तोच ठेवला तरी टाकी बदलली की बिअर बदलते.

उंच टाकीत तळाशी दाब वाढतो, दर १० मीटरला साधारण १ बार. कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, यीस्ट (बिअर आंबवणारी बुरशी) दबतं आणि एस्टर ही वास देणारी द्रव्यं कमी तयार होतात, म्हणजे फळांसारखा वास उतरतो. यावर उपाय म्हणून यीस्ट थोडं कमी घालतात किंवा आंबवताना तापमान एक-दोन अंश वर ठेवतात. हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचं, गणित तर आणखी फसवं. मोठा घाणा थंड व्हायला वेळ लागतो. तोवर उकळीच्या शेवटी घातलेले हॉप्सही कडवटपणा सोडत राहतात, सुगंध मात्र उडून जातो. त्यामुळे कृतीतलं सगळं सरसकट दहापट करून भागत नाही.

आणि बड्या मालकाची प्रयोगशाळा असली की सगळं सुरक्षित, हेही खरं नाही. गूज आयलंडच्याच 'बोर्बन काउंटी' या बिअरमध्ये २०१५ साली लॅक्टोबॅसिलस हा आंबटपणा आणणारा जिवाणू शिरलाच. काही प्रकार आंबट निघाले, ग्राहकांना पैसे परत द्यावे लागले. पिंपात मुरवलेल्या त्या बिअरचं पाश्चरीकरण २०१६पासून सुरू झालं. त्यावरही जुने चाहते नाराजच!