रिफर्बिश्ड मिनी पीसी: ‘जितका उशीर तितका फायदा’ हा हिशेब कुठे चुकतो

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला, छोटा डेस्कटॉप घ्यायचा विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो: घाई करू नका, ही यंत्रे स्वस्तच होत जातात, विंडोज १० चा पाठिंबा (म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट) संपल्याने कार्यालये ती ढिगाने विकायला काढत आहेत, रॅम काय, नंतर कधीही वाढवता येते, तोवर जुन्यावर भागवा. यातले प्रत्येक विधान थोडेफार खरे असल्यामुळेच हा सल्ला पटकन पटतो आणि अनेकांची खरेदी चुकवतो.

किंमत उतरते, हे मान्य. परंतु उतरते ती एकाच मॉडेलची किंमत, आणि तिच्याबरोबर त्या मॉडेलचे उरलेले आयुष्यही कमी होत असते. कंपन्या अशी यंत्रे साधारणपणे तीन ते पाच वर्षे वापरून, पुष्कळदा लीज संपताच, एकगठ्ठा काढून टाकतात. त्या सुमारास माल भरपूर असतो, निवडीला वाव असतो आणि सुरक्षा अपडेट मिळण्याची बरीच वर्षे शिल्लक असतात. म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून पाहावे. असा भागाकार केला की सर्वांत स्वस्त दिसणारे यंत्र अनेकदा महाग ठरते.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही खरे. पण त्यामुळे नेमकी कोणती यंत्रे बाहेर पडली, हा प्रश्न सल्ला देणारे विचारत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे या कारणाने निघालेला माल मुख्यतः सातव्या पिढीपर्यंतचा आहे. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०५० मायक्रो आणि ७०६० मायक्रो यांच्या नावांत एकाच आकड्याचा फरक आहे, पण पहिल्यात सहाव्या-सातव्या पिढीचे, फार तर चार कोअरचे प्रोसेसर येतात, तर दुसऱ्यात आठव्या पिढीचा सहा कोअरचा आय५-८५००टी मिळू शकतो, आणि तोही आय५-७५००टी इतक्याच, म्हणजे ३५ वॅट वीजवापराच्या मर्यादेत. ज्यांना लिनक्स चालवायचे आहे त्यांनी सातव्या पिढीचे यंत्र आजच खुशाल घ्यावे, ते उत्तम काम देते. विंडोजवरच काम करणाऱ्याने मात्र या ढिगाची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तो ढीग त्याच्यासाठी नाहीच.

रॅमबद्दलचा युक्तिवाद तर परिस्थितीनेच खोडून काढला आहे. २०२५ मध्ये मोठे उत्पादक डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅममधून अंग काढून घेऊ लागले, डेटा सेंटरची मागणी वाढली आणि वर्षाच्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा गरजेपुरती रॅम आधीच बसवलेले यंत्र घेणे शहाणपणाचे. ती नंतर वाढवायचीच असेल, तर ८ जीबीची एकच पट्टी असलेले यंत्र ४ जीबीच्या दोन पट्ट्यांच्या यंत्रापेक्षा बरे, कारण त्यातला एक स्लॉट मोकळा राहतो.

जुन्यावर भागवावे की नाही, हे त्या जुन्या यंत्राला सुरक्षा अपडेट मिळतात का, यावर ठरते. ते मिळत नसतील आणि बँकेचे व्यवहार त्यावरूनच होत असतील, तर थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. उलट, जुने नीट चालत असेल आणि एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर चालावा (म्हणजे प्रोसेसरवर ताण न येता) अशी तुमची गरज असेल, तर जरूर थांबावे. डेस्कटॉपमध्ये ती सोय इंटेलने अकराव्या पिढीपासून दिली आणि त्याआधीचे यंत्र स्वस्त मिळाले तरी ती त्यात येणार नाही.

खरेदीचा मुहूर्त ठरवताना सवलतीच्या तारखेपेक्षा स्वतःची सवड पाहावी, असे माझे ठाम मत आहे. परत करण्याची मुदत थोडी असते आणि तेवढ्यात बरेच तपासायचे असते. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) जुन्या मालकाचा पासवर्ड आहे का, यंत्र अजून एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापन खात्याला जोडलेले आहे का, एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) किती तास चालली आहे, हे पाहावे. अ‍ॅडॉप्टर मूळ आणि योग्य वॅटचा आहे का, हेही पाहावे. डेलच्या यंत्राला अ‍ॅडॉप्टर ओळखता आला नाही, तर ते सुरू होतानाच तसा इशारा देते आणि प्रोसेसरचा वेग उतरवते. ही तपासणी मुदतीत उरकता येईल अशा आठवड्यातच यंत्र मागवावे.